तात्पुरती नावाची नाव

यंदा पाणी आलं तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. आमच्याकडं ते तसंच येतं. पाऊस पडतो वर कुठंतरी, दुसऱ्यांच्या शिवारात. तिकडचे लोक भिजतात, भजी तळतात, पिकांचे फोटो काढतात, आणि ते सगळं पाणी मग नदीनं धरणात उतरून, अजिबात आवाज न करता, आमच्या रस्त्यावर चढू लागतं. सकाळी मोरीपर्यंत असतं. दुपारी मोरी दिसत नाही. संध्याकाळी कुणीतरी म्हातारा खूण म्हणून काठी रोवतो आणि दुसऱ्या दिवशी चारचौघं मिळून ती काठी शोधतात. इतर गावांना तीन ऋतू असतात. आम्हाला दोनच: पाणी आणि गाळ.

धरणाच्या फुगवट्यात जिभेसारखी शिरलेली जमीन आणि तिच्या टोकावर आमचं गाव. समोर, पाण्यापल्याड, दिंद्रुडला जाणारा डांबरी रस्ता दिसतो. त्यावरच्या एसटीचा हॉर्नसुद्धा ऐकू येतो. शाळा पल्याड, दवाखाना पल्याड, बाजार पल्याड. अल्याड आम्ही. जमिनीवरून जायचं तर फुगवट्याच्या कडेकडेनं लांबचा वळसा, तोही काळ्या मातीचा, ज्यात पाऊस झाला की बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि माणसाची चप्पल कायमची. त्या वळशानं शाळेला निघालेलं पोर शाळा सुटायच्या सुमाराला पोचतं.

म्हणून पूल होईस्तोवर सोय असावी, असं कुणा भल्या माणसाच्या मनात आलं आणि गावाला नाव मिळाली. पत्र्याची, मागं इंजिन, अंगाला निळा रंग आणि कुशीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: तात्पुरती सेवा. पहिल्या काही पाण्यांतच 'सेवा' खरवडून गेली. 'तात्पुरती' तेवढी राहिली. पुढं कधीतरी रंगारी आला, त्यानं जी अक्षरं दिसत होती तीच इमानदारीनं गिरवली, वर दोन्ही बाजूंनी एकेक फूल काढलं, आणि नावेचं नाव कायमचं तात्पुरती झालं.

मी दिंद्रुडच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागलो आणि रोज या नावेतून जाऊ लागलो, तोवर त्या शब्दाचा मूळ अर्थ आमच्या गावातून पार गेलेला होता. तात्पुरती आली का? तात्पुरती पल्याड हाय. तात्पुरतीचं इंजिन बसलं. पहिलं पाणी चढलं की बायका तिची ओटी भरायच्या, खण आणि नारळ. नाव चालवणारा लिंबाजी नारळ घरी न्यायचा आणि खणानं इंजिन पुसायचा. 'देवीचं देवीलाच लावलं,' म्हणायचा.

काठावर सकाळी हमखास ऐकू येणारा एक संवाद होता.

'आज चालू हाय का बे?'

'तात्पुरती चालू हाय.'

'म्हंजी कसं?'

'म्हंजी तात्पुरती चालू हाय.'

यावर कुणी हसत नसे. माहिती विचारलेली असे आणि ती मिळालेली असे.

तो प्रवास मला अजून नाकात आहे. डिझेलचा वास, ओल्या शेळ्यांचा वास, दुधाच्या किटल्यांच्या झाकणाखालून येणारा कोमट वास. पाण्यातून वर आलेले बाभळीचे वाळके शेंडे आणि त्यांवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. काठाला बेशरमीची जांभळी फुलं. मध्यावर आलं की लिंबाजी इंजिन थोडं हळू करायचा, कारण खाली विजेचे जुने खांब उभे होते. तिथं आलं की भागवतचा ठरलेला विनोद व्हायचा. त्याचं वडिलोपार्जित वावर बरोबर तिथंच, नावेच्या खाली. लिंबाजीनं तिकिटाचं विचारलं की तो म्हणायचा, 'तिकीट कशाचं बे? तूच माझ्या वावरातून चाललास. बांधावर उतर आन् इचारून जा.'

मी सांगतोय ते पाणी काही वर्षांमागचं. भागवत तेव्हा ऊसतोडीला जायचा, बायकोला घेऊन. दिवाळी झाली की आमच्या अर्ध्या गावाला कुलपं लागतात, तशी त्याच्याही घराला लागायची. टोळीत हाळी द्यायचं काम त्याचं. पहाटे गाड्या भरायला माणसं उठवायची ती त्याच्या आवाजानं. हा आवाज पाण्यावरून पल्याड जातो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. लिंबाजी पल्याड डुलकी काढत असला तर लोक भागवतला शोधून आणत.

त्याची मुलगी कोमल तेव्हा नववीत होती. नावेत ती नेहमी पुढच्या टोकाला बसायची, तोंड पल्याड करून. एका सकाळी मात्र ती उलटी फिरून माझ्याकडं बघत बसली. चेहरा रागावलेला.

'सर, एक इचारू? बाईंनी काल तात्पुरती शब्दाचं वाक्य करा म्हणलं. म्या लिव्हलं: आमची तात्पुरती जुनी आहे, पण आम्हाला तिच्याशिवाय कुणी नाही. बाई हसल्या. मंग वर्ग हसला. चुकलं कुठं त्याच्यात?'

मी वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. 'चुकलं काही नाही,' म्हटलं. 'बाई कोरड्या गावच्या आहेत.'

तिला ते पटलं असावं. ती पुन्हा पल्याड तोंड करून बसली.

भागवतनं त्या पाण्याच्या सुरुवातीलाच एक अट घातली होती. त्यानं ती सांगितली मला, पण त्याचा आवाज असा की सगळ्या नावेनं ऐकली.

'सर, आवंदा मी ठरविलंय. टोळी निघस्तोर तात्पुरती नीट चालली, तर कोमल मागं ऱ्हाईल, चुलतीपशी. न्हाई चालली तर संगं न्यायची.'

'कावून पण? शिकतेय चांगली.'

'शिकती म्हणून तर इथवर आणली. पर चुलती एकटी, तिच्या मागं शेरडं. सांजच्याला पोरगी पल्याड अडकली तर कोण जाईल बगायला? मी तिकडं फडात. ऊस तोडू का इकडल्या पाण्याचा इचार करू?'

यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. मी एवढी वर्षं वर्गात युक्तिवाद शिकवतो. त्या दिवशी मला एकही सुचला नाही.

म्हणजे कोमलची शाळा लिंबाजीच्या हातातल्या दोरीला बांधलेली होती. इंजिनाला दोरी गुंडाळून ओढायची, ते खोकायचं, पुन्हा गुंडाळायची. काठावर बायका थांबलेल्या, दूधवाले थांबलेले, ताप आलेलं लेकरू पदराखाली घेतलेली कुणी आई. सगळे लिंबाजीच्या दंडाकडं बघत. कोमल एकटी दोरीकडं बघायची. इंजिन धरलं की ती दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घ्यायची.

आणि त्या पाण्यात तात्पुरतीनं जी काय दुखणी काढली, त्याला तोड नाही. कधी पंख्यात जलपर्णी अडकली. कधी डिझेल आलं नाही. कधी डिझेल आलं आणि लिंबाजी आला नाही, कारण त्याची नेमणूक संपली होती आणि पुढची व्हायची होती. एकदा नाव धडधाकट असताना कामाला नव्हती, कारण जलवाहतुकीची पाहणी करायला आलेले अधिकारी ती घेऊन जलवाहतुकीची पाहणी करत होते. काठावर थांबलेल्या माणसाचा राग आधी इंजिनावर असतो, मग लिंबाजीवर, मग सरकारवर, आणि ऊन डोक्यावर आलं की घरातल्या माणसांवर. सरकार या रांगेत मध्ये कुठंतरी येतं आणि वेळेत सुटतं. आम्ही निवेदनं दिली, रस्ता अडवून पाहिला. पण अडवायचा रस्ता पल्याड होता, आणि तिथं जायला नाव हवी होती.

पण नाव पुन्हा चालू व्हायची. प्रत्येक वेळी थोडं थांबून, थोडं रडून, पण व्हायची. भागवत आणि त्याची अट दोघं टिकून होते. दसरा जवळ आला. आता टोळी निघायला फार अवकाश नव्हता.

अशात बातमी आली: पूल मंजूर झाला. भूमिपूजनाला मोठे पाहुणे येणार.

मला समारंभांचं वावडं आहे, तरी हा मी डोळे भरून पाहिला. काठावर मांडव पडला. भलं मोठं फ्लेक्स लागलं, त्यावर पुलाचं चित्र. पूल देखणा होता. त्याच्या खालून जहाजं जात होती आणि मागं बर्फाचे डोंगर होते. चित्र शोधणाऱ्यानं फार शोधलेलं दिसत नव्हतं. एक म्हातारी बराच वेळ त्याकडं बघून मला म्हणाली, 'डोंगर बी देणार का रं?'

आणि तात्पुरती. तिला नवं इंजिन बसवलं, आत सतरंज्या अंथरल्या, टोकाला केळीचे खुंट बांधले. आम्ही कधी न पाहिलेली नारिंगी जाकिटं निघाली. ती पाहुण्यांनी अंगात घातली आणि उतरल्यावर मोजून परत घेतली गेली. त्या दिवशी तात्पुरती पाण्यावरून अशी सरसर ये-जा करत होती की लिंबाजीलाही तिची ओळख पटेना. कोमल आणि तिच्या मैत्रिणींना कलश घेऊन उभं केलं होतं. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून नाव चालू होती, असं म्हणायलाही हरकत नाही.

भाषणं झाली. आमच्यापैकी कुणाला माईक मिळणार नव्हता, तेव्हा काय सांगायचं ते मांडवातूनच ओरडून सांगावं असं ठरलं होतं. घोषणा भागवतनं बांधली. पूल व्हायचा तेव्हा होईल, हे त्याला कळत होतं. त्याला हवी होती नावच, पण रोज चालणारी, नेमलेल्या माणसाची, कायमची. पाहुणे बोलायला उठले तसा तो मांडवाच्या मधोमध उभा राहिला.

'तात्पुरती नको.'

'कायमची पायजे,' सगळा मांडव म्हणाला.

'तात्पुरती नको.'

'कायमची पायजे.'

मीही म्हणालो. घोषणेत यमक नव्हतं, पण अर्थ होता असं आम्हाला वाटलं. पाहुण्यांनी हात वर केला. ते हसले, शेजारच्या साहेबांशी कुजबुजले आणि म्हणाले, 'तुमच्या भावना माझ्यापर्यंत पोचल्या. आता तात्पुरतं काही चालणार नाही. तात्पुरती बंद. कायमचा पूल सुरू.'

टाळ्या अशा वाजल्या की झाडावरचे पाणकावळे उठले. हलग्या कडाडल्या. भागवतचा घसा बसला होता. कोमलच्या हातातला कलश त्यानं घेतला आणि तिला घोगऱ्या आवाजात म्हणाला, 'झालं तुझं काम.'

दोन-चार दिवसांत काठावर ट्रॅक्टर आला. मागं ट्रॉली. माणसांनी तात्पुरतीला दोर बांधले आणि ओढून वर घेतली. पाण्याबाहेर ती केवढीशी दिसत होती. भूमिपूजनाला मांडवात पाहुण्यांच्या शेजारी बसलेले साहेबही आले होते. भल्या स्वभावाचा माणूस. त्यांनी आम्हाला चहा विचारला, आमच्याच गावात.

'साहेब, हे काय चाललंय?' भागवतनं विचारलं.

'सेवा बंद झाली ना. पूल मंजूर झाला, आता नाव कुठल्या खर्चात दाखवायची? शिवाय तुमचीच मागणी होती.'

'आमची मागणी? आमी कवा म्हणलो?'

'मी तिथंच होतो. तात्पुरती नको. तुम्हीच तर म्हणत होता, सगळ्यांत मोठ्यानं.'

'हां, म्हणलो. पर तात्पुरती म्हंजी ही तात्पुरती न्हाई साहेब. ही तर पायजेच. ती तात्पुरती नको म्हणलो.'

'ती कुठली?'

भागवतनं तोंड उघडलं. त्याला दुसरा शब्द सापडेना. त्यानं हातानं नाव दाखवली, मग हवेत हात फिरवला, मग पुन्हा नाव दाखवली. 'तात्पुरती ऱ्हावू द्या,' तो म्हणाला, 'पर तात्पुरती नको.' साहेबांनी सहानुभूतीनं मान हलवली. वेड्याशी बोलताना चांगली माणसं हलवतात तशी.

आता माझी पाळी होती. माझं पोटच या कामावर चालतं. मी पुढं होऊन सांगितलं की साहेब, हा एकच शब्द दोन आहेत. एक विशेषण आणि एक विशेषनाम. घोषणेत विशेषण होतं. तुम्ही उचलून नेताय ते विशेषनाम आहे. मी उदाहरणंही दिली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. 'सर, तुमचं पटतंय मला,' ते म्हणाले. 'पण व्याकरणावर निधी मिळत नाही.'

ट्रॉली हलली.   लिंबाजीच्या हातात इंजिनाची दोरी राहिली होती. ती द्यायला तो काही अंतर ट्रॉलीमागं पळाला, मग थांबला.

टोळी निघायला अजून थोडे दिवस होते, आणि भागवतनं ते दिवस वाया जाऊ दिले नाहीत. बंद पडलेल्या गुऱ्हाळातून त्यानं काहील आणली. उसाचा रस आटवायची ती मोठी, पसरट लोखंडी कढई. आमच्या भागात अडल्यावेळी माणसं तिच्यात बसून पाणी ओलांडतात. बुडत नाही लवकर. पण तिला पुढचं टोक नसतं आणि मागचंही. वल्हं मारलं की ती पुढं कमी जाते आणि स्वतःभोवती जास्त फिरते.

मीही त्यात बसलो. दुसरा इलाज नव्हता. भागवत फळीनं पाणी मागं सारायचा, कोमल मधोमध मांडी घालून, दप्तर पोटाशी. काहील फिरायची. एकदा तिचं तोंड शाळेकडं, एकदा गावाकडं, पुन्हा शाळेकडं. चक्कर येऊ नये म्हणून ती डोळे मिटून घ्यायची. लोखंडाला अजून गुळाचा वास होता.  मध्यावर, खांबांच्या वर, भागवत क्षणभर फळी थांबवून खाली बघायचा. वावराचा विनोद त्यानं पुन्हा कधी केला नाही.

'दादा, तुमी गेल्यावर हे कोण चालवील?' कोमलनं एकदा बापाला विचारलं. डोळे मिटलेलेच.

तो वल्हवत राहिला.

'लिंबामामा?'

'लिंब्या आमच्याच टोळीत येतोय आता.'

मग तिनं आणखी कुणाचं नाव घेतलं नाही.

टोळीचा ट्रक वळशाच्या रस्त्यानं आला. जिथं बैल रुतत होते तिथं आदल्या दिवशी मुरूम पडला, त्यावरून रोलरही फिरला. ऊस थांबत नाही, असं मुकादम म्हणाला. मला वाटलं होतं तो रस्ता होऊच शकत नाही. तो एका दिवसात झाला आणि ट्रक गेल्यावर महिन्याभरात पुन्हा माती झाला.

ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी, लेकरं. कोमलनं गणवेशावरच बापाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवला होता, उसाची पानं कापतात म्हणून. मी खाली उभा होतो.  तीच बोलली.

'सर, शाळेत बाईंना निरोप द्याल का?'

'काय सांगू?'

तिनं जरा विचार केला. 'सांगा, कोमल तात्पुरती गेलीय.'

निरोप मी जसाच्या तसा दिला. बाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, म्हणजे येणार ना परत? मराठीच्या मास्तरला विचारावा असाच तो प्रश्न होता. त्यानंतर मी दिंद्रुडला खोली केली. मला ते परवडत होतं.

पाणी ओसरलं, टोळ्या आल्या. कोमल आली ती शाळेत गेली नाही. नववीची परीक्षा होऊन गेली होती, आणि पुढच्या पाण्याला नाव नव्हतीच. त्याच्या पुढच्या पाण्याआधी तिचं लग्न झालं. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तिची आई मला हे सांगताना म्हणाली, 'आता तिचा बी येक कोयता झाला, सर.' आवाजात काळजी मिटल्यासारखं काहीतरी होतं. मी बरं म्हणालो.

पुलाचे दोन खांब पाण्यात उभे आहेत. तिसऱ्याच्या सळ्या गंजून लाल झाल्यात. पोरं थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेला जातात, हातांनी पाणी मारत. दर पाण्याला कुणीतरी येऊन त्यांचा फोटो काढतं, तो छापून येतो, आणि सगळ्यांना फार वाईट वाटतं.

यंदा पाणी चढलं तशी गावातली तरणी पोरं पेटली. नाव परत मिळालीच पाहिजे, मोर्चा न्यायचा. चांगली पोरं आहेत. मोबाइलवर सगळ्यांना कळवलं, फलक रंगवले. मग कुणाला तरी भागवतची आठवण झाली. तो आता ऊसतोडीला जात नाही, कंबर गेली. मीही सुट्टीला गावी आलो होतो. आम्ही त्याच्याकडं गेलो तेव्हा तो शेळ्यांना पाला टाकत होता.

'मामा, पुढं तुमी ऱ्हावा. घोषणा तुमी द्या.'

'येतो की. मागं चालतो. घोषणा न्हाई देत.'

'कावून? असला आवाज हाय तुमचा.'

'न्हाई रे.'

'मामा, तेन्ला ऐकू जात न्हाई म्हणून तर तुमच्याकडं आलो. इतकी वर्सं वरडतोय आपन, कोण ऐकतंय आपलं?'

भागवतनं पाल्याची मोळी सोडली, एक डहाळी काढून शेळीपुढं धरली. ती खाईपर्यंत हात तसाच ठेवला.

'तुमचं ऐकत न्हाईत, त्येच बरं हाय,' तो म्हणाला. 'माझं ऐकलं तेनी.'

पोरं हसली. म्हातारा विनोद करतोय असं त्यांना वाटलं.